कुलपाआडची रुजुवात



जुन्या मराठी शाळेंत गुणाकार करून झाला म्हणजे पंतोजी पहिला प्रश्न विचारीत, "ताळा पाहिलास का?" उत्तर बरोबर आहे असें मुलानें नुसतें तोंडानें सांगून भागत नसे, तें पडताळून दाखवावें लागे. पेढीवरहि हीच रीत. कीर्द आणि खतावणी यांची रुजुवात झाल्यावांचून वर्षाचा जमाखर्च पुरा झाला असें कोणी मानीत नसे. आणि होतां होईल तों ही रुजुवात घालणारा कारकून मूळ नोंदी लिहिणाऱ्याहून निराळा असे. याचें कारण उघड आहे. आपली चूक आपल्याच डोळ्यांना सहसा दिसत नाहीं.

शास्त्रीय संशोधनालाहि हाच न्याय लागू पडतो. एका संशोधकानें जे आंकडे घेऊन, जी रीत वापरून, जो निष्कर्ष काढला, तो त्याच आंकड्यांवरून व त्याच रीतीनें दुसऱ्या माणसालाहि काढतां आला पाहिजे. वही उघडी असली म्हणजे हें काम कष्टाचें असलें तरी अवघड नसतें. परंतु जी वही कायद्यानेंच कुलपांत ठेवली आहे, जींत लाखों माणसांचें उत्पन्न, आजार, घटस्फोट आणि कर्ज यांच्या नोंदी आहेत, तिची रुजुवात कोणीं आणि कशी घालावी? अलीकडच्या काळांत अनेक देशांतील विद्वानांना या प्रश्नानें घेरलें आहे, आणि आजच्या भाषणाचा विषयहि तोच आहे.

प्रथम रुजुवातीची गरज किती खरी आहे तें पाहूं. इ. स. २०१० मध्यें कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अमेरिकेंतील दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनीं एक लेख प्रसिद्ध केला. देशाचें सार्वजनिक कर्ज त्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलें कीं त्या देशाची आर्थिक वाढ मंदावते, असा त्यांचा निष्कर्ष होता. २० प्रगत देशांच्या १९४६ पासून २००९ पर्यंतच्या आंकड्यांवरून त्यांनीं अशा अतिकर्जाच्या वर्षांतील वाढीची सरासरी उणें ०.१ टक्का काढली होती. तो काळ आर्थिक अरिष्टाचा होता. सरकारी खर्चाला कात्री लावावी असें म्हणणाऱ्या कित्येक मुत्सद्यांनीं या लेखाचा आधार घेतला.

पुढें मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील शाखेंत टॉमस हर्नडन नांवाच्या एका विद्यार्थ्याला वर्गांतला अभ्यास म्हणून एखाद्या प्रसिद्ध लेखाचे आंकडे पुन्हां काढून पाहावयाचे होते. त्यानें हा लेख निवडला. पण कांहीं केल्या त्याचें उत्तर जुळेना. शेवटीं त्यानें लेखकांकडेच त्यांचा मूळ तक्ता मागितला, आणि त्यांनीं तो मनमोकळेपणानें पाठविला. तो उघडून पाहतां असें दिसून आलें कीं, सरासरी काढतांना आज्ञेंत रकान्याच्या शेवटच्या ओळी घेतल्याच नव्हत्या, आणि त्यामुळें २० पैकीं ५ देश गळाले होते. याखेरीज कांहीं वर्षें वगळल्याबद्दल आणि देशादेशांना दिलेल्या वजनाबद्दलहि त्याचे आक्षेप होते. मायकेल अ‍ॅश व रॉबर्ट पोलिन या अध्यापकांसह त्यानें २०१३ सालीं आपली फेरतपासणी प्रसिद्ध केली. तिच्याप्रमाणें उणें ०.१ टक्क्याच्या जागीं २.२ टक्के अशी सरासरी येत होती. मूळ लेखकांनीं तक्त्यांतील चूक कबूल केली. इतर आक्षेप मात्र त्यांना मान्य झाले नाहींत. तो वाद येथें सोडवावयाचा नाहीं. लक्षांत घ्यावयाचें तें एवढेंच कीं, राष्ट्रांच्या अंदाजपत्रकांपर्यंत पोंचलेल्या एका आंकड्यांतील चूक एका विद्यार्थ्याला सांपडली, आणि ती सांपडली याचें कारण मूळ तक्ता त्याच्या हातीं येऊं शकला हें होय.

आतां असें समजा कीं, तो तक्ता देशादेशांच्या जाहीर हिशेबांचा नसून घराघरांच्या प्राप्तिकराचा असता. मग लेखकांना तो पाठवितांच आला नसता. मनांत आणूनहि आला नसता. कारण तसें करणें हा गुन्हा झाला असता. अमेरिकेंत खानेसुमारीच्या खात्याकडील खासगी माहिती उघड करणाऱ्यास पांच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊं शकतो. आणि ती माहिती हाताळणारा जी शपथ घेतो ती जन्मभराची असते.

एवढी कडक शिस्त कशासाठीं, असें कोणी विचारील. नांवें खोडून टाकलीं म्हणजे झालें, असाच पुष्कळांचा समज असतो. हा समज किती फसवा आहे हें १९९७ च्या सुमारास लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीनें दाखवून दिलें. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील सरकारी नोकरांच्या औषधोपचारांची माहिती नांवें गाळून संशोधकांना देण्यांत आली होती. परंतु जन्मतारीख, स्त्री कीं पुरुष हा भेद आणि टपालाचा विभाग एवढें तींत राहिलें होतें. स्वीनी यांनीं केंब्रिज शहराच्या मतदारांची यादी वीस डॉलरला विकत घेतली. संस्थानाचे तेव्हांचे गव्हर्नर विल्यम वेल्ड हे त्याच शहराचे रहिवासी. त्यांच्या जन्मतारखेचे मतदार सहाच निघाले. त्यांपैकीं पुरुष तीन. आणि त्यांच्या टपालविभागांत राहणारा पुरुष एकच. झालें! खुद्द गव्हर्नरांच्या दुखण्याची नोंद हुडकून निघाली.

याहूनहि गंभीर उदाहरण दुसऱ्या महायुद्धांतील आहे. अमेरिकेंतील जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबण्यांत आलें, तेव्हां कोणत्या भागांत ते किती राहतात हें दाखविणारे खानेसुमारीचे तक्ते त्या कामीं वापरण्यांत आले. १९४२ च्या युद्धकालीन कायद्यानें गुप्ततेचें बंधन सैल केलें होतें. आणि १९४३ सालीं राजधानीच्या परिसरांतील जपानी वंशाच्या रहिवाशांचीं नांवेंनिशीं माहिती खानेसुमारीच्या खात्यानें दुसऱ्या सरकारी खात्याला पुरविली, असें मार्गो अँडरसन व विल्यम सेल्ट्झर या संशोधकांनीं २००७ सालीं जुन्या दप्तरांतून उजेडांत आणलें. त्यापूर्वींच, २००० सालीं, त्या खात्याचे तेव्हांचे प्रमुख केनेथ प्रेविट यांनीं युद्धकाळांतील खात्याच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली होती. दारांत आलेल्या गणकाला ज्या विश्वासानें माणूस आपलें वय, धर्म, मूळ देश सांगतो, तो विश्वास मोडला म्हणजे काय होतें हें यावरून कळतें. तेव्हां कुलूप हवें, यांत शंका नाहीं.

म्हणजे येथें दोन वचनें समोरासमोर उभीं राहतात. एक वचन घरमालकाला दिलेलें : तुझी गोष्ट बाहेर जाणार नाहीं. दुसरें वचन समाजाला दिलेलें : आम्ही जें सिद्ध झालें म्हणतों, तें कोणालाहि तपासून पाहतां येईल. दोन्ही वचनें पाळावयाचीं कशीं?

फ्रान्स देशानें यावर जी तोड काढली ती समजून घेण्यासारखी आहे. त्या देशांत सांख्यिकी माहितीच्या गुप्ततेचा कायदा १९५१ चा आहे. खासगी आंकडे संशोधनासाठीं पाहावयाचे असल्यास एका समितीपुढें अर्ज करावा लागतो. कोणते आंकडे, कशासाठीं, किती काळ, हें सारें सांगावें लागतें. परवानगी मिळाल्यावर संशोधकाला नियम समजावून देतात आणि त्याच्या बोटाचा ठसा नोंदवून घेतात. नंतर त्याच्या कचेरींत एक लहानशी पेटी बसवितात. बोटाचा ठसा पटल्याखेरीज ती उघडत नाहीं. गंमत अशी कीं, त्या पेटींत आंकडे मुळीं नसतातच. ते दूरच्या मध्यवर्ती संगणकांत असतात. पेटी ही केवळ खिडकी. खिडकींतून आंत पाहावें, आंतल्या आंत गणित करावें. पण त्या खिडकींतून कांहीं बाहेर काढतां येत नाहीं. छापतां येत नाहीं, उतरून घेतां येत नाहीं, जगाच्या महाजालाशीं तिचा संबंध नाहीं. तयार झालेले निष्कर्षाचे तक्ते बाहेर न्यावयाचे असल्यास त्यांची आधीं तपासणी होते. उद्योगधंद्यांच्या तक्त्यांतील कोणत्याहि एका घरांत तीनांहून कमी पेढ्या असतां कामा नयेत, आणि एकाच पेढीचा वाटा ८५ टक्क्यांहून अधिक असतां कामा नये, असा तेथील दंडक आहे. नाहींतर एकूण बेरजेवरून त्या पेढीचा व्यवहार ओळखतां येईल.

अशा व्यवस्थेंत रुजुवात घालावयाची, तर वही बाहेर आणतां येत नाहीं. म्हणून रुजुवात घालणाऱ्यालाच आंत जावें लागतें. इ. स. २०१९ मध्यें क्रिस्तोफ पेरिन्यों व क्रिस्तोफ ह्यूर्लें या दोन फ्रेंच प्राध्यापकांनीं 'कास्काड' नांवाची एक संस्था उभी केली, ती याच कामासाठीं. संशोधक आपला लेख, आपली आज्ञावली, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची संपूर्ण यादी, आणि ती कशी चालवावी याची टीप तिच्या स्वाधीन करतो. कुलपाआडच्या संगणकांत मूळ संशोधकाच्या खोलीची हुबेहूब दुसरी खोली तयार करण्यांत येते : तेच आंकडे, तीच साधनें, तीच आज्ञावली. तपासनीस स्वतः रीतसर परवानगी घेऊन त्या खोलींत शिरतो, आज्ञावली पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालवितो, आणि निघालेलें प्रत्येक कोष्टक व प्रत्येक आलेख छापील लेखाशीं ताडून पाहतो. शेवटीं तो अहवाल लिहितो व प्रमाणपत्र देतो. त्या प्रमाणपत्राला प्रत लावलेली असते : सर्व जुळलें, बहुतेक जुळलें, कीं मोठी तफावत आढळली.

ऐकावयास हें सोपें वाटतें. प्रत्यक्षांत अडचणी पावलोपावलीं असतात, आणि त्या पुष्कळशा घरगुती स्वरूपाच्या असतात. संशोधकानें आपल्या आज्ञावलींत आंकड्यांचा पत्ता आपल्या खोलीपुरता लिहिलेला असतो; नव्या खोलींत ती दारांतच अडते. एखादें साहाय्यक साधन त्यानें चार वर्षांपूर्वींच्या आवृत्तीचें वापरलेलें असतें. बाहेर असतें तर तें महाजालावरून क्षणांत उतरवून घेतां आलें असतें, पण कुलपाआड महाजाल नाहीं. तें मागवावयाचें म्हणजे पुन्हां अर्ज, पुन्हां तपासणी. कधीं संशोधकानें मध्येंच एखादा आंकडा हातानें दुरुस्त केलेला असतो आणि तें टिपावयाचें राहिलेलें असतें. कधीं आज्ञावलींत यदृच्छेनें निवड करावयाची असते, आणि त्या निवडीचा आरंभ कोणत्या अंकापासून केला तें लिहिलेलें नसतें. मग दर खेपेस उत्तर थोडें निराळें येतें. कधीं ज्या खात्याचे आंकडे, त्यानेंच दरम्यान त्यांत सुधारणा केलेली असते, आणि जुनी प्रत जपून ठेवलेली नसल्यास दोघेहि प्रामाणिक असून दोघांचें उत्तर जुळत नाहीं.

सर्वांत नाजूक गोष्ट याच्याहि पुढची आहे. रुजुवातीमुळेंच गुपित फुटण्याचा संभव असतो! समजा, लेखकानें १२ कारखान्यांची एकूण विक्री ११२ कोटी दिली. तपासनिसाच्या ध्यानांत आलें कीं, त्यांतला एक कारखाना चुकून धरला गेला आहे. ११ कारखान्यांची खरी बेरीज ९७ कोटी. दोन्ही आंकडे तक्त्याच्या नियमांत बसतात. पण दोन्ही प्रसिद्ध झाले तर शाळकरी मुलगाहि वजाबाकी करून सांगेल कीं, वगळलेल्या कारखान्याची विक्री १५ कोटी आहे. आणि तो कोणता हें त्या धंद्यांतील लोक तेव्हांच ओळखतील. म्हणून तपासनिसाला अहवाल लिहितांना हात आंवरून लिहावें लागतें. अमुक कोष्टकाची अमुक ओळ जुळत नाहीं, एवढें सांगावें. किती फरक आहे हें प्रत्येक वेळीं सांगतां येईलच असें नाहीं. संगणक आपल्या कामाची जी रोजनिशी आपोआप ठेवतो, तीहि तशीच बाहेर देतां येत नाहीं. कारण संशोधकानें सहज म्हणून पहिल्या दहा ओळी पाहिल्या असतील, तर दहा खऱ्या माणसांच्या नोंदी तींत उतरलेल्या असतात. सर्वांत मोठें उत्पन्न किती, हा आंकडा दिसावयास निरुपद्रवी. परंतु सर्वांत मोठें उत्पन्न हें एकाच माणसाचें असतें.

प्रत्येक देशांत अशी स्वतंत्र संस्था नाहीं. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन या संस्थेनें लार्स विलहुबर यांना २०१८ पासून आपल्या नियतकालिकांचे आंकडेविषयक संपादक नेमलें, आणि २०१९ च्या जुलैपासून लेख छापण्यापूर्वींच त्याची आज्ञावली व आंकडे तपासण्याचा नियम केला. गुप्त आंकड्यांवर आधारलेला लेख आला म्हणजे आंकडे पाठविण्याची सक्ती नसते; पण आज्ञावली द्यावीच लागते, आणि दुसऱ्या कोणाला ते आंकडे पाहावयाचे असल्यास अर्ज कोठें व कसा करावा, हेंहि लिहावें लागतें. शक्य असेल तेव्हां ज्याला आधींच त्या कुलपाआड जाण्याची परवानगी आहे अशा तिसऱ्या माणसाला विनंती करून त्याच्याकडून ती आज्ञावली चालवून घेतात. आणखी एक युक्ति कॉर्नेल विद्यापीठांत कांहीं वर्षें चालविण्यांत आली होती. खऱ्या आंकड्यांसारखे दिसणारे, पण कोणाहि खऱ्या माणसाचे नसलेले कृत्रिम आंकडे संशोधकांना सरावासाठीं देत. त्यांवर त्यांनीं आज्ञावली बसवावी, आणि मग खानेसुमारीच्या खात्यानें तीच आज्ञावली आपल्याकडील खऱ्या आंकड्यांवर चालवून, तपासलेलें उत्तर परत करावें, अशी ती सोय होती. मूर्ति घडविण्यापूर्वीं मातीचा नमुना करावा, तसाच हा प्रकार.

एवढें सगळें केल्यावर निष्कर्ष सत्य ठरला असें म्हणावयाचें का? नाहीं, आणि हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. नवांच्या ताळ्याचेंच उदाहरण घ्यावें. २३ गुणिलें १४ बरोबर ३२२. २३ च्या अंकांची बेरीज ५, १४ च्या अंकांची बेरीजहि ५; पांच पंचे पंचवीस, आणि पंचविसाचे ७. इकडे ३२२ च्या अंकांची बेरीजहि ७. ताळा जुळला. परंतु मुलानें ३२२ ऐवजीं २३२ लिहिलें, तरी ताळा जुळतोच! ताळा न जुळला तर चूक नक्की आहे. जुळला म्हणजे बरोबर आहेच असें नाहीं. कुलपाआडच्या रुजुवातीचेंहि तसेंच आहे. याच आंकड्यांवर हीच रीत चालविली तर हेंच उत्तर येतें, इतकीच तिची ग्वाही. रीत योग्य होती कीं नाहीं, प्रश्न नीट विचारला होता कीं नाहीं, हें तिच्या कक्षेबाहेरचें आहे.

आणि आंकडेच मुळांत चुकीचे असले तर? वय विचारलें असतां आपल्या देशांत पुष्कळ लोक तीस, पस्तीस, चाळीस असें ठोकळ वय सांगतात, आणि म्हणून खानेसुमारींत शून्यानें व पांचानें संपणाऱ्या वयांची गर्दी होते. ती चूक कितीहि वेळां आज्ञावली चालवून सुधारत नाहीं. तिच्यासाठीं मूळ पाहणीचीच रुजुवात हवी. प्रशांतचंद्र महालनवीस यांनीं बंगालमधील तागाच्या पिकाची पाहणी १९३७ पासून सुरू केली, तींत त्यांनीं एकाच मुलुखाचे परस्परांत गुंफलेले दोन स्वतंत्र नमुने घेऊन ते निरनिराळ्या तुकड्यांकडून तपासून घेण्याची रीत घातली. दोघांचीं उत्तरें जवळ आलीं तर विश्वास. दूर गेलीं तर शोध. म्हणजे रुजुवातीचा हा विचार या देशाला परका नाहीं.

गुप्ततेचा विचारहि परका नाहीं. भारताच्या १९४८ च्या खानेसुमारी कायद्यांतील १५ व्या कलमान्वयें गणकानें लिहून घेतलेली नोंद कोणाला पाहावयास मागतां येत नाहीं, आणि दिवाणी दाव्यांत ती पुरावा म्हणून चालत नाहीं. खेड्यापाड्यांतून घरोघर फिरून या नोंदी करणारे गणक बहुधा प्राथमिक शाळेचे शिक्षकच असतात. उंबऱ्यावर उभें राहून ते जें विचारतात, त्याचें उत्तर घरची माउली खरें खरें देते, ती या विश्वासावर.

तिनें दिलेल्या उत्तरावरून उद्यां कोणी म्हणेल कीं अमक्या जिल्ह्यांत दवाखान्याची गरज नाहीं, किंवा तमक्या योजनेचा लाभ गरिबांना पोंचलाच नाहीं. तें विधान खरें कीं खोटें हें जाणण्याचा पहिला हक्क तिचाच आहे. तिची गोष्ट झांकलेली राहावी आणि तिच्या नांवावर काढलेला निष्कर्ष मात्र तपासलेला असावा, या दोन्ही गोष्टी तिला देणें लागतात. यासाठीं फार मोठें पांडित्य लागत नाहीं. संशोधकानें आपली प्रत्येक पायरी स्वच्छ लिहून ठेवावी. आंकडे सांभाळणाऱ्या खात्यानें जुन्या प्रती जपाव्या व प्रामाणिक तपासनिसाला महिनोन्‌महिने दाराबाहेर तिष्ठत ठेवूं नये. तपासनिसानें आंत पाहिलेलें आंतच ठेवावें. आणि वाचणाऱ्यानें, मोठा आंकडा छापून आलेला पाहतांच मान डोलविण्यापूर्वीं, पंतोजींचा तो जुना प्रश्न एकदां तरी विचारावा : ताळा पाहिला का?